नशेचं इंजेक्शन घेताना सुई प्रत्येकाची नवी, पण नशेचा पदार्थ विरघळवायचा चमचा आणि पाणी एकच. तरी एचआयव्ही होऊ शकतो का?

हो, धोका राहतोच. शीर सापडली का हे पाहायला दट्ट्या मागे ओढला की सिरिंजमध्ये रक्त येतं. पूर्ण दाबल्यावरही टोकाशी थोडं उरतं. कोणी तीच सिरिंज पुन्हा चमच्यात किंवा पाण्यात बुडवली, की विषाणू तिथे आणि गाळायच्या कापसातही. सिरिंजमधल्या रक्तात तो कित्येक दिवस, कधी आठवडेही तग धरतो, त्यामुळे नुसतं पाण्याने खळबळून भागत नाही. हिपॅटायटिस सी तर याहून सहज पसरतो. तीही तपासणी करा.

असं नुकतंच घडलं असेल तर ७२ तासांच्या आत डॉक्टरांकडून पीईपी (एचआयव्हीचा संसर्ग रोखणारी औषधं) सुरू करा, शक्यतो त्याच दिवशी. गोळ्या २८ दिवस, खंड न पाडता. लगेच केलेली चाचणी फक्त आधीचा संसर्ग दाखवते. ६ आणि १२ आठवड्यांनी पुन्हा करा.