पायाला तंगूस अडकलेला ऑस्प्रे: हद्दीच्या वादात दिवस घालवू नका

कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या हिडकल धरणाच्या मागच्या पाण्यावर पायाला तंगूस (मासेमारीचा नायलॉनचा दोरा) लोंबणारा ऑस्प्रे, म्हणजे मासे मारून खाणारा शिकारी पक्षी, दिसला आणि कचेरीत गेल्यावर ‘हे पाणी आमच्याकडं येत नाही’ म्हणून परत पाठवलं, हे तुमचं वाचलं आणि पोटात कालवलं. आम्हीही हेच ऐकून घेतलंय, जवळपास ह्याच शब्दांत. म्हणून सविस्तर लिहिते. पक्षी ओळखायचा कसा ते सोडून देते. डोळ्यावरून मानेकडं गेलेला काळा पट्टा तुम्ही लिहिलाय, पोट पांढरं लिहिलंय, म्हणजे ऑस्प्रेच.

तुमचा प्रश्न होता की होडी घेऊन पकडायला जावं का. माझं मत स्पष्ट आहे: उडतोय तोवर जाऊ नका. मागं लागलात की तो लांब निघून जातो आणि लोंबणारा तंगूस कुठल्यातरी झाडात गुंततो. त्यापेक्षा बसायची जागा हेरा. हे पक्षी दर हिवाळ्यात बहुधा त्याच पाण्यावर येतात आणि दिवसातला बराच वेळ ठरलेल्या वाळक्या खोडांवर काढतात, त्यामुळं सापडणं अवघड नाही. लांबून बघा: तंगूस एका पायाला आहे की दोन्ही, बोटं हलतात का, सूर मारल्यावर मासा लागतो का. ह्या पक्ष्याचं सगळं जगणं पायांवर आहे. बाहेरचं बोट मागं वळवून दोन बोटं पुढं, दोन मागं अशी तो पकड घेतो, आणि तळव्याला बारीक काटे असतात म्हणून निसरडा मासा सुटत नाही. तंगूस आवळून बोटाचं रक्त थांबलं की पक्षी दिसायला धडधाकट असूनही उपाशी पडतो. घारीचं उकिरड्यावरही भागतं, ह्याचं नाही. माशाशिवाय तो जवळजवळ काहीच खात नाही.

आता आमचं सगळ्यात जास्त नुकसान कशानं झालं ते सांगते. आमचा पक्षी सापडला तेव्हा तो फांदीवर बसून होता, सूर मारायचं बंद केलं होतं. मी एका कचेरीत गेले. नाव लिहीत नाही. तिथं म्हणाले, जलाशय पाटबंधाऱ्याचा, तिकडं जा. तिकडं म्हणाले, आम्ही पाणी बघतो, पाखरं नाही. परत पहिल्या ठिकाणी आले तर अर्ज कन्नडमध्ये आणा. आणला. मग साहेब मीटिंगला गेलेत. मग कळलं की तो काठ दुसऱ्या हद्दीत येतो. मग ‘एका घारीसाठी एवढं काय, बाई?’ मग शनिवार-रविवार. सोमवारी आमचे भोई स्वतःहून होडी घेऊन गेले तेव्हा पक्षी तंगूसनं फांदीला उलटा लटकून मेला होता. कुणी एकानं जरी पहिल्याच दिवशी ‘चला, बघू’ म्हटलं असतं तरी तो वाचण्यासारखा होता, असं मला आजही वाटतं.

इथं एक सांगायलाच पाहिजे. सीमाभागात असं काही झालं की लगेच भाषेवर घसरतात. माझा राग कन्नडवर नाही. तो अर्ज रात्री बसून लिहून दिला तो आमच्या शेजारच्या कन्नड अण्णांनीच. राग आहे तो ढकलाढकलीचा, आणि ती दोन्ही भाषांत सारखीच चालते.

म्हणून तुम्ही तोंडी सांगत फिरू नका. अर्ज कन्नडमध्ये लिहून घ्या आणि थेट वनखात्याला द्या. पाणी कुणाचंही असू दे, जंगली पक्ष्याची जबाबदारी वनखात्याची. ‘ऑस्प्रे, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याची पहिली अनुसूची’ हे शब्द पहिल्याच ओळीत पाहिजेत. त्या यादीत वाघ आहे, म्हणजे ‘घारच आहे की’ हे उत्तर चालत नाही. मोबाईलवरून जागेचे अक्षांश-रेखांश टाका आणि तारीख-वेळेची पोच घेतल्याशिवाय उठू नका. घटप्रभा पक्षी अभयारण्य तिकडं धुपदाळला, म्हणजे कायदाही तिथंच लागू, असा समज मी कचेरीतल्या माणसांच्या तोंडूनही ऐकलाय. तो चूक आहे. पक्षी उडून चंदगडकडं गेला तर महाराष्ट्र वनखात्याचा १९२६ नंबर लावा.

पक्षी खाली पडला किंवा लटकला तर मात्र थांबू नका. मी डॉक्टर नाही आणि वकीलही नाही, खरं आमच्या पशुवैद्यांनी जे बजावलं ते सांगते. आधी डोक्यावर जाड कापड टाका, अंधार झाला की तो शांत होतो. भीती चोचीपेक्षा नख्यांची, म्हणून चामडी हातमोजे घाला. झाडाकडचा तंगूस कापा, पायात रुतलेला ओढू नका, गळ असेल तर उपटू नका. तोंडात पाणी ओतू नका, मासा कोंबू नका. भोकं पाडलेल्या खोक्यात ठेवून सरळ पशुवैद्याकडं न्या. कायद्यानं ४८ तासांच्या आत पोलिसांना किंवा वनखात्याला कळवावं लागतं. आम्ही म्हणू, निघतानाच फोन करा. आणि तंगूस काढला म्हणून लगेच सोडून देऊ नका. पाय काम करतो की नाही हे डॉक्टर ठरवू देत.

फोटोवाल्यांना जागा सांगू नका, ही कळकळीची विनंती. एक फोटो टाकला की रविवारी खोडाखाली होड्या लागतात आणि जखमी पक्ष्याला बसू देत नाहीत.

भोई लोकांशी मात्र आधी बोला. मासेमारीचा ठेका घेतलेल्याला वाटतं हा मासे पळवतो. त्याचा मासा बहुधा पावशेराच्या आसपासचा असतो, दिवसाला असे एक-दोन. कटला-रोहूच्या धंद्याला ह्यानं काही होत नाही, हे शांतपणे सांगितलं की पटतं. हे पक्षी साधारण तिसऱ्या-चौथ्या वर्षी पहिल्यांदा वीण करतात आणि अंडी दोन-तीनच, त्यामुळं एक मोठा पक्षी गेला तर ती जागा लवकर भरत नाही. डीडीटी ह्या कीटकनाशकानं अंड्यांची कवचं पातळ झाली तेव्हा अमेरिकेत ह्यांची वीण कोसळली होती. १९७२ मध्ये बंदी आली, मग हळूहळू संख्या सावरली. स्कॉटलंडमध्ये १९५४ साली परत घरटं झालं, तेव्हा अंडीचोरांपासून राखायला माणसं बसवावी लागली. आपल्याकडं दिवसभर पाण्यावर असणारी माणसं एकच, भोई.

उन्हाळ्यात पाणी उतरतं, हुन्नूरचं विठ्ठलाचं देऊळ उघडं पडतं, तेव्हा बुडालेल्या खोडांना गुंडाळलेला जुना तंगूस दिसतो. तोवर बहुतेक ऑस्प्रे उत्तरेला गेलेले असतात; पहिल्या वर्षाची पिल्लं तेवढी मागं राहतात. भोयांना बरोबर घेऊन तो तंगूस त्याच वेळी काढा. कात्री, पोती आणि चहा-भजी एवढा खर्च. काढलेला तंगूस काठावर टाकू नका आणि जाळूही नका, पोत्यात भरून घरी आणा.