प्रार्थनेचे दिवस चुकले की देवासमोर बसायलाच लाज वाटते

माझ्याकडे सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच. "ताई, रोज बायबलमधलं वचन वाचायचं, प्रार्थना करायची असं ठरवतो, आठ-दहा दिवस जमतं, मग तुटतं, आणि एकदा तुटलं की परत बसायची हिंमतच होत नाही." बायका विचारतात, कॉलेजची पोरं विचारतात, मंडळीतले (चर्चमधले) वडीलधारे पण विचारतात, फक्त ते जरा हळू आवाजात.

भुसावळच्या एका भावाची गोष्ट सांगते, त्यांची परवानगी घेतलीये आणि ओळख पटेल असं सगळं बदललंय. मालगाडीवर लोको पायलट, म्हणजे इंजिन चालवणारे. मालगाडीवाल्यांना ठरलेला टाइमटेबल नसतो, कधी रात्री अकराला ड्यूटीचा कॉल येतो कधी पहाटे तीनला, मग आंघोळ, डबा, लॉबीत (ड्यूटीची हजेरी लावायच्या ऑफिसात) सही आणि निघाले खंडव्याकडे नाहीतर बडनेऱ्याकडे, तिकडे रनिंग रूममध्ये, म्हणजे रेल्वेच्या विश्रामगृहात, झोपायचं आणि मिळेल ती गाडी घेऊन परत. मिसेसच घेऊन आल्या होत्या त्यांना. म्हणाल्या, "ताई, हे आता जेवणाच्या आधी पण डोळे मिटत नाहीत."

झालं असं की १ जानेवारीला त्यांनी वर्षात पूर्ण बायबल वाचायचं ठरवलं. १,१८९ अध्याय, म्हणजे रोजचे तीन ते चार. वही केली, रकाने आखले, टिकमार्क. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात लेवीय या बायबलमधल्या पुस्तकाच्या ११ व्या अध्यायावर गाडी थांबली, तोवर ठरवल्यापेक्षा ४० अध्यायांनी मागे पडले होते. त्यात एका सभेत कुणीतरी मार्क १:३५ हे वचन घेऊन सांगितलं की प्रभू येशू पहाटे अंधारात उठून प्रार्थनेला गेला आणि जो पहाटे पाचला उठत नाही त्याची प्रीती थंड झालीये. हा माणूस पहाटे पाचला इंजिनात सिग्नल बघत असतो हो! त्याने काय करावं? पण त्यांनी ते मनाला लावून घेतलं. मला म्हणाले, "ताई, एवढी उधारी झाल्यावर दुकानदाराच्या समोरून जायला पण लाज वाटते, मी तर देवाच्या दारात जायचंय."

हे वाक्य मी त्याच दिवशी माझ्या डायरीत लिहून ठेवलं, कारण अडचण तिथेच होती. आळस नव्हताच. प्रार्थनेची त्यांनी उधारी केली होती, आणि उधारी वाढली की माणूस तोंड लपवतो, ते काही फक्त किराणा दुकानात होत नाही.

पहिल्या भेटीत मी प्रार्थनेबद्दल काहीच सांगितलं नाही, फक्त विचारलं की गेल्या आठवड्यात झोप किती झाली. मोजायला बसलो तर एकही झोप सलग पाच तासांची निघाली नाही. मग बायबलमधल्या १ राजे या पुस्तकाचा १९ वा अध्याय काढला. एलीया संदेष्टा रानात झुडपाखाली मरण मागत पडलाय, आणि देवदूत येऊन त्याला काय म्हणतो, तर ऊठ, खा. तो खातो आणि परत झोपतो, देवदूत दुसऱ्यांदा येतो तेव्हा पण आधी भाकर आणि पाणीच. कुठे गेला होतास, प्रार्थना का चुकवलीस, असा एक शब्द नाही. भाऊ तो भाग दोनदा वाचत बसले, मिसेस रडल्या. (झोप, भूक, कशातच मन नाही असं दोन आठवड्यांच्या वर चाललं असेल तर आधी डॉक्टरला दाखवा, १४४१६ हा सरकारी टेलिमानस नंबर आहे तिथे पण बोलता येतं. त्याने विश्वास कमी होत नाही.)

पहाटेचं पण बोललो. लूक ६:१२ मध्ये तोच प्रभू रात्रभर प्रार्थना करतो, मार्क ६ मध्ये संध्याकाळी लोकांना निरोप देऊन डोंगरावर जातो. जेव्हा एकांत मिळाला तेव्हा गेला. मग तुमच्या दिवसात दरवेळी ठरलेलं काय होतं, असं विचारलं तर ते म्हणाले, "काहीच नाही ताई, फक्त कॉल." बस, मग कॉललाच धरलं. कॉल आला, आंघोळ झाली, मिसेस डबा भरतायत, तेवढ्यात ओट्याजवळ उभं राहून बायबलमधलं एक स्तोत्र. सुरुवात १२१ पासून, आठच वचनं, आणि त्यात तुझा रक्षक डुलकी घेत नाही, तुझं जाणं-येणं सांभाळेल. रात्रीच्या गाडीवर निघालेल्या माणसासाठी याच्याहून जवळचं काय असणार! दुसरं १३४, तीनच वचनं, रात्री परमेश्वराच्या मंदिरात उभं राहणाऱ्या सेवकांचं.

मोबाईलवर वाचायचं मीच बंद करायला सांगितलं, वचन उघडतं आणि मधेच व्हॉट्सॲप वाजतं, मग रील. बॅगेत छोटं छापील पुस्तक ठेवलं. मोठ्याने वाचायची आयडिया मात्र त्यांची, म्हणाले इंजिनात आम्ही दोघं सिग्नल मोठ्याने पुकारतो म्हणून लक्ष हलत नाही, तसंच इथे. मी हे आता बाकीच्यांना पण सांगते.

मे महिन्यात परत तुटलं. ४५ च्या वर उन्हाळा, दिवसा कूलरपुढे पण झोप नाही, मुलीला ताप, सहा दिवस काहीच झालं नाही. सातव्या दिवशी फोन आला, आवाज पुन्हा तोच पडलेला, म्हणाले आता सहा स्तोत्रं एकदम वाचून टाकू का? मी म्हटलं नाही, आजचं एकच वाचा. त्यांची आई साक्रीकडची, मागून अहिराणीत ओरडली ते मला फोनवर ऐकू आलं, "अरे पोरा, देव काय उधारीनी वही ठेवस का?"

त्या संध्याकाळी वहीतली टिकमार्कची पानं फाडली आणि उरलेल्या पानांवर मिसेस दुधाचा हिशोब लिहितात. लेवीयकडे अजून परत गेले नाहीत, जातील तेव्हा जातील. सध्या मार्कचा दहावा अध्याय चालू आहे, रनिंग रूममध्ये उठल्यावर थोडा थोडा, आणि जेवणाआधी डोळे मिटतात असं मिसेसनी मागच्या रविवारी सांगितलं.