थकलेलं बिल कोर्टात नेण्याआधी

प्रिय,

क्लायंट दर वेळी ‘पुढच्या आठवड्यात देतो’ म्हणतोय, म्हणून तुला लगेच वकिलाची नोटीस धाडायची आहे. जरा थांब. आधी त्याच्याकडून रकमेची लेखी कबुली मिळव. ‘आपल्याकडे इतके रुपये बाकी आहेत, कधी देताय?’ एवढंच ईमेलवर विचार. नोटिशीनंतर तो असं उत्तर देणार नाही. पैसे कधी द्यायचे हे ठरलं नसेल, तर १९६३च्या मुदत कायद्याप्रमाणे दाव्याची ३ वर्षं काम पूर्ण झाल्यापासून मोजतात, बिलाच्या तारखेपासून नाही. ती संपण्याआधी सहीची लेखी कबुली मिळाली, तर तिथून ३ वर्षं नव्याने सुरू होतात. फोनवरच्या आश्वासनाने एक दिवसही वाढत नाही.

नोटीस कुणाच्या नावाने काढायची, तेही नीट तपास. पाटीवर एक नाव असतं आणि कागदावर प्रायव्हेट लिमिटेड कंपनी. अशा वेळी देणं कंपनीचं. संचालकावर वैयक्तिक दावा सहसा टिकत नाही. व्हॉट्सॲपचे नुसते स्क्रीनशॉटही पुरत नाहीत, सोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं, प्रमाणपत्र लागतं. मूळ चॅट पुसू नकोस.

काम घेण्याआधी तुझी उद्यम नोंदणी (लहान व्यवसायांची सरकारी नोंदणी) झालेली असेल, तर दिवाणी कोर्टापेक्षा फॅसिलिटेशन कौन्सिलचा, म्हणजे अशा व्यवसायांची थकबाकी सोडवणाऱ्या सरकारी मंडळाचा, रस्ता मला जास्त पटतो. लहान उद्योगांसाठीच्या २००६च्या एमएसएमईडी कायद्याने क्लायंटला काम स्वीकारल्यापासून पैसे द्यायला जास्तीत जास्त ४५ दिवस मिळतात. लेखी मुदत ठरली नसेल, तर फक्त १५. त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. क्लायंट भारतात कुठेही असो, अर्ज तुझ्या भागातल्या कौन्सिलकडे चालतो. निकालाला आव्हान द्यायचं तर त्याला आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते, आणि तडजोडीची भाषा बहुतेक वेळा इथेच सुरू होते. कामात खोट असल्याचं त्याने १५ दिवसांत लेखी कळवलं नसेल, तर काम स्वीकारलं असं धरतात. म्हणून काम सोपवल्याचा तारखेचा ईमेल हवाच.

नोंदणी नसेल आणि लेखी करार असेल, तर वकिलाला दिवाणी प्रक्रिया संहितेतल्या ऑर्डर ३७च्या समरी (झटपट चालणाऱ्या) दाव्याबद्दल विचार. त्यात समन्स मिळाल्यावर प्रतिवादीला १० दिवसांत हजर व्हावं लागतं, आणि बचाव मांडायलाही कोर्टाची परवानगी लागते. रक्कम लहान असेल, तर दाव्याआधी लोकअदालतीत अर्ज कर. कोर्ट फी नाही, आणि तिथे झालेल्या तडजोडीला हुकूमनाम्याचंच, म्हणजे दिवाणी कोर्टाच्या निकालाचंच, बळ असतं.

हुकूमनामा हाती आला तरी पैसे आपोआप येत नाहीत. दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज, दाखल करून त्याचं खातं जप्त करून मागावं लागतं, आणि कुठलं खातं हे कोर्टाला तूच सांगायचं असतं. त्याने आधी दिलेल्या पैशांच्या नोंदी तुझ्या स्टेटमेंटमधून काढ आणि त्याची बँक व शाखा आत्ताच टिपून ठेव.