हाडाची स्लाइड वाचताना

अनेक आशीर्वाद.

हाडाची रचना पाठ केली तरी सूक्ष्मदर्शकाखाली स्लाइड समोर आली की गोंधळ होतो, असं तू लिहिलंस. होणारच. एकच प्रश्न धरून बस: इतक्या कठीण पदार्थात गाडली गेलेली पेशी जगते कशी?

आधी पदार्थ बघ. हाडाच्या वजनात साधारण 60 ते 70 टक्के खनिज, मुख्यतः हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइट, म्हणजे कॅल्शियम आणि फॉस्फेटचं खनिज. उरलेल्यात बहुतेक कोलॅजन हे तंतुमय प्रथिन आणि पाणी. हाड सौम्य आम्लात ठेवलं की खनिज निघून जातं. आकार तोच राहतो, पण ते वाकतं. भाजलं तर कोलॅजन जळतं; आकार तेव्हाही राहतो, पण जरा दाबलं की चुरा.

खनिज भरलेल्या आधारद्रव्यातून अन्नद्रव्यं झिरपत नाहीत. कूर्चेत झिरपतात, म्हणून तिथे रक्तवाहिन्यांवाचून भागतं. हाडात रक्तवाहिनी जवळच हवी. म्हणून मधे रक्तवाहिनी नेणारी हॅवर्शियन नलिका, भोवती वर्तुळाकार थर आणि लॅक्युना नावाच्या पोकळ्यांत बसलेल्या ऑस्टिओसाइट, म्हणजे हाडाच्या पेशी. हा सगळा मिळून एक ऑस्टिऑन. कॅनॅलिक्युली नावाच्या अतिसूक्ष्म नळ्यांतून त्या एकमेकींना हात देतात. हा पुरवठा फार लांब पोचत नाही; ऑस्टिऑनची रुंदी 200 मायक्रोमीटरच्या आसपास असते, तिचं एक कारण हेच. स्पंजी हाडातल्या ट्रॅबेक्युला, म्हणजे जाळीच्या काड्या, मुळातच बारीक, बाजूला मज्जा; तिथे सहसा ऑस्टिऑन लागतच नाहीत.

स्लाइड कोणत्या पद्धतीची आहे, हे आधी ओळख. घासून पातळ केलेल्या कोरड्या हाडात पेशी उरत नाहीत. काळ्या दिसणाऱ्या लॅक्युनांत हवा आणि भुकटी अडकलेली असते. खनिज काढून रंगवलेल्या छेदात पेशी दिसतात, पण कॅनॅलिक्युली जवळजवळ हरवतात. विद्यार्थी दोन्हींतलं सगळं एकाच आकृतीत कोंबतात आणि परीक्षकाला ते लगेच कळतं.

ऑस्टिऑनांच्या मधले तुटके थर पुस्तकं दोन ओळींत उरकतात. मला विचारशील तर खरी गंमत तिथेच आहे. ते जुन्या ऑस्टिऑनांचे अवशेष. प्रौढ माणसाचा जवळपास 10 टक्के सांगाडा दरवर्षी नव्यानं बांधला जातो. हाड खाणाऱ्या, अनेक केंद्रकं असलेल्या ऑस्टिओक्लास्ट पेशी काही आठवड्यांत बोगदा खोदतात. मागून येणाऱ्या, हाड बांधणाऱ्या ऑस्टिओब्लास्ट पेशींना तो भरायला काही महिने लागतात. भराव बाहेरून आत होतो, त्यामुळे नलिकेला चिकटलेला थर सर्वांत नवा. झाडाच्या खोडातल्या वर्तुळांच्या नेमकं उलट! खोदकाम जिथे थांबलं तिथे सिमेंट रेषा राहते.

तेव्हा दोन ऑस्टिऑन एकमेकांत घुसलेले दिसले, तर ज्याची वर्तुळं अखंड तो नंतरचा. पुढच्या प्रात्यक्षिकाला असे तीन-चार शोध, त्यांचा क्रम लाव आणि आकृती मला पाठव. साध्या पेन्सिलीनं काढ, रंग नकोत.