भट्टीतील गज एका टोकाला काळपट का राहतो?

प्रश्न : सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत आमचा फोर्जिंगचा (तापवलेला धातू ठोकून घडवण्याचा) छोटा कारखाना आहे. गॅसच्या भट्टीत पोलादी गजाचे एक टोक लालभडक होते, तर दाराकडचे काळपट राहते. संगणकीय प्रतिरूपणातून (सिम्युलेशनमधून) कारण कळेल का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : कळू शकेल, मात्र त्याआधी दाराच्या फटी आणि बर्नरच्या हवेचे प्रमाण तपासावे, कारण आत शिरणारी थंड हवा ओळखायला संगणक लागत नाही. प्रतिरूपणात भट्टीच्या पोकळीचे लाखो घरांत विभाजन करून प्रत्येक घरातील वायूचा वेग, तापमान आणि घटक यांची समीकरणे पुनःपुन्हा सोडवतात. गजाला मिळणारी बहुतांश उष्णता प्रारणाने, म्हणजे किरणांच्या रूपाने, येते आणि प्रारण निरपेक्ष तापमानाच्या (सेल्सियस अधिक २७३) चौथ्या घातानुसार वाढत असल्यामुळे, १००० अंश सेल्सियसची भिंत १२५० अंशांवर गेली की जवळजवळ दुप्पट उष्णता फेकते. ज्वलनातून निर्माण होणारा कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफही प्रारण करतात, नायट्रोजन जवळपास नाही. हा भेद गणितात नसेल, तर पडद्यावरील रंगीत चित्र केवळ देखणे ठरते. म्हणून एका गजाला दोन्ही टोकांशी छिद्रे पाडून थर्मोकपल (तापमान मोजणाऱ्या तारा) बसवावेत आणि प्रतिरूपणाचे आकडे मोजलेल्या तापमानाशी ताडल्यावरच बर्नरची जागा बदलावी.