तांबटातला ‘ट’

प्रश्न : तळजाईच्या टेकडीवर सकाळी फिरताना शेजारच्या काकांनी पिंपळाच्या शेंड्यावरचा एक हिरवा पक्षी दाखवला आणि ‘हा तांबट’ म्हणाले. माझी मुलगी लगेच म्हणाली, ‘कपाळ तांबडं आहे म्हणून तांबट!’ हे बरोबर आहे का? आणि मादीला तांबटीण म्हणायचं का?

मुलीचा तर्क चुकला, पण अगदी थोडक्यात. तांबडा आणि तांबट हे दोन्ही शब्द एकाच घरातले, संस्कृत ‘ताम्र’च्या. आम्रचा आंबा झाला, तसं ताम्रचं तांबं झालं. तांब्याच्या रंगाचा तो तांबडा आणि तांब्याची भांडी घडवणारा तो तांबट. पक्ष्याला नाव मिळालं ते या कारागिरावरून.

आता शेवटच्या ‘ट’पाशी जरा थांबा, कारण या शब्दात मला सगळ्यात आवडतो तो हाच. सोनार, लोहार, कुंभार, चांभार या नावांतला ‘आर’ म्हणजे मूळचा ‘कार’, करणारा. त्या चालीने तांब्याचं काम करणारा ‘तांबार’ व्हायचा. संस्कृतात ‘ताम्रकार’ आहेही. पण त्याच्या जोडीला ‘ताम्रकुट्ट’ असाही शब्द आहे, म्हणजे तांबं कुटणारा. आपला तांबट या दुसऱ्या शब्दाचा वारस. ‘क’ गळाला, ‘उ’ विरला आणि हातोडीच्या घावासारखा ‘ट’ तेवढा राहिला.

तो घाव ऐकायला पुण्यात फार लांब जावं लागत नाही. कसबा पेठेत तांबट आळी आहे. माझं आजोळ त्याच बाजूचं, त्यामुळे हंडे, बंब आणि घंगाळांवरचे ठोके लहानपणापासून कानात बसलेत. भांड्याला आकार आला की त्यावर हातोडीने एकसारखे, शेजारी-शेजारी ठोके देत जातात. याला ‘मठारणं’ म्हणतात. त्याने पत्रा कडक होतो आणि अंगभर चकचकीत ठिपके उठतात. मठारणाऱ्याची लय मोडत नाही, कारण लय मोडली की ठोक्याची जागा चुकते.

टेकडीवरचा तांबट हेच करतो. टुक, टुक, टुक, टुक... एकाच पट्टीत, मिनिटाला शंभराहून जास्त, भर उन्हातसुद्धा. हिवाळ्यात तो बराचसा गप्प असतो. उन्हं तापू लागली की सुरू होतो, तो पाऊस येईपर्यंत. गंमत अशी की हे करताना त्याची चोच मिटलेली असते. प्रत्येक ठोक्याला गळ्याची कातडी फुगते आणि मधूनच तो मान वळवतो, त्यामुळे आवाज कधी इकडून तर कधी तिकडून आल्यासारखा वाटतो. पानांत शोधत बसू नका. झाडाच्या उघड्या शेंड्यावर बघा, चिमणीपेक्षा थोडा मोठा, बुटका हिरवा गोळा दिसेल. वड, पिंपळ, उंबर फळांवर आले असतील तर हमखास.

पाखरांना कारागिरांची नावं देण्याची आपली जुनी हौस आहे. शिंपी पानं शिवतो, सुतार खोड टोकरतो. या दोघांना नाव मिळालं ते कामावरून. कामच बघायचं तर तांबटही सुतारच ठरला असता, कारण वाळक्या, मऊ लाकडाच्या फांदीत चोचीने ढोली कोरून तो घर करतो. पण नाव ठेवणाऱ्याने त्याची ढोली पाहिली नाही, कपाळही पाहिलं नाही. त्याने आवाज ऐकला, आणि तो आवाज त्याच्या गावच्या आळीत रोज ऐकू येत होता. तुमच्या मुलीच्या बाजूने एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. या पक्ष्याच्या शास्त्रीय नावातल्या ‘हीमासेफॅलस’चा अर्थ ‘रक्तासारख्या डोक्याचा’ असाच आहे. म्हणजे तिची नजर गेली तिथेच शास्त्रज्ञांचीही गेली होती.

तांबटीण हा शब्द मराठीत आहे, पण तो तांबटाच्या घरच्या बाईसाठी. पक्ष्यात नर-मादी दिसायला सारखेच, म्हणून वेगळं नाव पडलं नसावं. ‘तांबटाची मादी’ म्हणावं. एरवी तो तांबट, अनेकवचनातही ते तांबट. ‘तांबटं’ असं कानावर येतं, ते ‘पाखरं’च्या ओढीने होत असावं, मी तरी लिहिणार नाही.

मुलीला एकदा कामाच्या दिवशी तांबट आळीतून चालत न्या. आधी काही सांगू नका. पुढच्या खेपेला टेकडीवर टुकटुक सुरू झाली की तिलाच विचारा, हे कुठे ऐकलं होतं.