एमिल पोलिसाकडे का गेला नाही?

"मॅडम, कितव्या वर्षी मुलांना एकटं सोडावं?" सुट्टी जवळ आली की हा प्रश्न हमखास येतो. कुणाचा मुलगा कोपऱ्यावरच्या दुकानातही एकटा जात नाही, तर कुणाची मुलगी ऊठसूट 'माझं मी बघीन' म्हणते. आईबाप दोन्हीकडचे हैराण. मी वयाचा आकडा कधीच सांगत नाही. का, ते इराच्या (नाव आणि तपशील बदलले आहेत) गोष्टीवरून सांगते.

इरा अकरा वर्षांची, पुण्यातली. आज्जी साताऱ्याला. मे महिन्यात तिने घरात जाहीर केलं, "मी एसटीने एकटी जाणार." आईच्या मते हे सगळं एका पुस्तकाने केलं. पुस्तक म्हणजे एरिश केस्टनर या जर्मन लेखकाची १९२९ सालची रहस्यकथा, 'एमिल अँड द डिटेक्टिव्हज'. एमिलला वडील नाहीत. आई बायकांचे केस धुऊन-विंचरून संसार चालवते. ती त्याला १४० मार्क देऊन एकट्याला रेल्वेने बर्लिनला आजीकडे पाठवते. एमिल नोटा खिशात टाचणीने टाचून ठेवतो, गाडीत त्याचा डोळा लागतो आणि पैसे चोरीला जातात. मग बर्लिनमधल्या पोरांना जमवून तो स्वतःच चोराचा माग काढतो. नोटांवरच्या टाचणीच्या भोकांवरून चोरी सिद्ध होते.

"एवढे पैसे देऊन पोराला एकटं धाडायचं? कसली आई ही!" इराची आई तावातावाने म्हणाली.

"अगं, मुलं अशीच धीट होतात," बाबा म्हणाले. "मी फास्टर फेणे वाचून सायकलवर अख्खं पुणं पालथं घातलं होतं."

दोघांची मतं मी ऐकून घेतली. जिने पुस्तक दोनदा वाचलं होतं, तिला मात्र कुणीच विचारलं नव्हतं. पुढच्या वेळी इराला एकटीला बसवलं.

"चोराला पकडतात ते भारी आहे ना?"

"आहे. पण मला दुसरंच आवडलं." ती केस कानावर ओढून घेत बोलत होती. "तो पोलिसाकडे जात नाही, ते."

"का गं जात नाही?"

"त्याने गावातल्या पुतळ्याला लाल नाक आणि काळ्या मिशा रंगवलेल्या असतात. त्याला वाटतं, पोलीस आपल्यालाच धरतील."

पैसे एमिलचे गेले, गुन्हा दुसऱ्याचा. तरी मदत मागायची त्याला भीती वाटते, कारण आधीचं काहीतरी मनात डाचत असतं. मोठी माणसं हे पान भराभर उलटतात. इरा तिथेच थांबली होती. मी हळूच विचारलं, "आणि तू कुठल्या पुतळ्याला मिशा काढल्यास?"

ती बराच वेळ टेबलाच्या कडेवर नख घासत राहिली. मग तिने केस मागे सारले. कान मोकळे होते. आज्जीने केलेल्या सोन्याच्या बाळ्यांपैकी एक पोहण्याच्या क्लासला हरवली होती. दुसरी तिने कंपासपेटीत लपवली होती आणि 'कानाला खाज येते म्हणून काढून ठेवल्यात' असं घरी सांगितलं होतं. साताऱ्याला एकटीला जायचं होतं ते आईला कळायच्या आत आज्जीला सांगायला.

माझ्या कामात मला सर्वांत मोलाचे वाटतात ते हेच क्षण. आम्ही जिला धिटाई म्हणत होतो, तिच्या पोटात भीती होती. 'माझं मी बघीन' म्हणणारं प्रत्येक मूल स्वावलंबी नसतं. काही मुलांनी मोठ्यांकडे जाण्याची वाट स्वतःच बंद केलेली असते. डोनाल्ड विनिकॉट या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषकाने १९५८ मध्ये मांडलेला विचार मी आजही कामाचा पाया मानते: एकटं राहण्याची क्षमता मुलात येते ती आधी कुणाच्या तरी निवांत सोबतीत राहून. एमिलचंही बघा. गुस्ताव नावाच्या मुलाला सगळं सांगून टाकल्यावरच त्याच्या हातून काही घडू लागतं. शिवाय छोटा डीन्स्टाग नावाचा एक मुलगा, पाठलागाची मजा सोडून, घरी फोनपाशी बसून राहतो. निरोप घ्यायला कुणीतरी हवं ना!

म्हणून मूल किती वर्षांचं आहे यापेक्षा, काही बिनसलं तर ते पहिल्या तासात तुम्हाला सांगेल का, हे तपासा. तपासायची सोपी जागा म्हणजे घर. दुधाची पिशवी फुटली, वही हरवली, तेव्हा तुमचं पहिलं वाक्य काय असतं? "तरी मी सांगत होते" हे असेल, तर बस स्टँडवर पाकीट गेल्यावर मूल तुम्हाला फोन लावणार नाही. प्रवासाची तालीम करताना तिकीट कसं काढायचं एवढंच शिकवू नका. बस चुकली तर, पैसे हरवले तर, शेजारचा माणूस नको ते बोलू लागला तर कुणाला काय सांगायचं, ते मुलाच्या तोंडून वदवून घ्या.

इराने आईला माझ्यासमोरच सांगितलं. आधी आईशी एवढंच ठरलं होतं की ऐकल्यावर लगेच बोलायचं नाही. आईचे ओठ हलले, थांबले. मग ती म्हणाली, "इतके दिवस एकटीच घेऊन बसलीस?" त्यानंतर दोघी रडल्या.

पुस्तकाच्या शेवटी सगळे या प्रकारातून आपापला धडा काढतात. एमिल म्हणतो, कुणावर विश्वास ठेवू नये. त्याची आई म्हणते, मुलांना एकटं पाठवू नये. आजी दोघांनाही उडवून लावते: पैसे नेहमी मनीऑर्डरने पाठवावेत! इराच्या आईला मी ते पान वाचायला लावलं. मुलाला कोंडण्याऐवजी व्यवस्था सुधारणारी ही आजी मला फार जवळची वाटते.

जूनच्या आधी इरा साताऱ्याला गेली. बाबांनी स्वारगेटला बसवून दिलं, उतरवायला आजोबा स्टँडवर होते, आणि आईने त्या दिवशी रजा टाकून फोनपाशी बसायचं काम स्वतःहून घेतलं. उरलेली बाळी इराने आज्जीला स्वतःच्या हाताने दिली. तेवढी एक गोष्ट आपण सांगायची नाही, असं आईने आधीच ठरवलं होतं.